मारेगावची शिक्षा

मी कोर्टात कारकून आणि तो घरफोडीतला आरोपी, एवढीच आमची ओळख. पण ती बारा वर्षांची. हातकडी काढली तरी तो दोन्ही मनगटं जुळवूनच उभा राहायचा. मी दिसलो की ठरलेला प्रश्न, "बाबूजी, गुडघा कसा हाय?"

या खेपेला त्यानं एका बंद घरातून पितळेची भांडी नेली होती. गुन्हा शाबीत झाला. आधीच्या शिक्षा जितक्या जास्त, तितकी ही लांबणार होती. लांबून काय होणार होतं? दर वेळी तो आत जायचा आणि आणखी म्हातारा होऊन यायचा, एवढंच मी पाहिलं होतं.

साहेबांनी यादी वाचून विचारलं, "आधीच्या या दोन शिक्षा मान्य आहेत?"

"तीन हायेत साहेब. मारेगावची राह्यली."

त्या तिसरीमुळं दोन वर्षं वाढली. पोलीस त्याला बाहेर नेत असताना मी चिडूनच म्हणालो, "काहून बोलला तू?"

"त्या निकालाची नक्कल गहाळ झाली म्हून तुमालेच बोलले असते न, बाबूजी."

नक्कल गहाळ झाली नव्हती. ती माझ्या ड्रॉवरमध्ये होती. मीच दडवली होती.