गार्डमामांचं लॅटिन

"कोण कुणाचं हाय, ते आधी सांगा," म्हणत मामा झेंडी दाखवल्यासारखा उजवा हात वर करत, आणि माझं लॅटिन जागच्या जागी थांबे.

मामा रेल्वेतले निवृत्त गार्ड. लहानपणी पाद्री व्हायला सेमिनरीत गेले, तिथं लॅटिन शिकले, अर्ध्यातून परतले आणि दौंडच्या मालगाड्यांवर त्यांनी उमर काढली. मी शिरूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. घोड नदीच्या काठी मला निळ्या फुलांचं एक रोपटं सापडलं होतं आणि ते जगाला ठाऊक नाही, अशी माझी खात्री होती. नव्या रोपाचं वर्णन लॅटिनमध्येच द्यायचं, हा तेव्हाचा नियम. म्हणून दर रविवारी मी एसटीनं दौंडला मामांकडं शिकायला जायचो.

डोकं चक्रावून जायचं हो! आपण 'अरुंद पानं' म्हणतो, तिथं आधी पानं, मग अरुंद. तेही परवडलं. पण मामांच्या प्रार्थनांत नाम एका टोकाला आणि त्याचं विशेषण कुठल्या कुठं. कोण कुणाचं, तेच कळेना. मी हात टेकले.

"मास्तर, इंजिन म्होरं, गार्डाचा डबा मागं. मधी मालाच्या कितीबी वाघिणी असू द्या, गाडी एकच ना?"

मला गाडी कळली, लॅटिन काही कळलं नाही.

पुढं मी रोपट्याचं वर्णन दाखवलं, तेव्हा गोंधळायची पाळी त्यांची आली. "खोड उभं, पानं अरुंद, फुलं निळी. यात क्रियापद कुठं हाय? ती करत्यात काय?"

"काही नाही, मामा. नुसती असतात. वर्णन असंच लिहायचं असतं."

चहा निवला तरी ते विचारच करत होते.

मी फी विचारली, तेव्हा मात्र ते गंभीर झाले. चर्चमधली उपासना, मिस्सा, आता मराठीत होत असे. "मराठी देवाला बी कळती. पन आईला पुरलं तवा लॅटिन ऐकलं व्हतं. मला पुरताना दोन ओळी म्हनाल? नव्या फादरला येत न्हाई." मी कुठल्या धर्माचा, हे त्यांनी विचारलंही नाही. मी हो म्हटलं, आणि त्यांनी त्या दोन ओळी माझ्याकडून घोटून घेतल्या.

रोपटं काही नवं निघालं नाही. पुण्याच्या तज्ज्ञांनी सांगितलं, याला कधीच नाव मिळालंय. माझा चेहरा पडला. मामा म्हणाले, "म्हंजी कुनीतरी आधी बघितलं व्हतं. बरं झालं, बिचारं एकटं न्हवतं." या माणसावर माझा फार जीव होता.

पुढच्याच उन्हाळ्यात मामा गेले. कबरीपाशी तरुण फादरनी मला खूण केली. मी पुढं झालो, आणि घोटलेली प्रार्थना साफ उडाली. मातीचा ढीग, रडणारी लेक, सगळे माझ्याकडं बघताहेत. तोंडातून आलं ते असं:

"कौलिस इरेक्तुस, फोलिया आंगुस्ता, फ्लोरेस चेरुलेई."

खोड उभं, पानं अरुंद, फुलं निळी.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. फादर म्हणाले, "आमेन." लेकीनं माझा हात घट्ट धरला. "बाबांना हेच ऐकायचं व्हतं, सर."

मग मीही म्हणालो, "आमेन."