साजगावचा हाडवैद्य

साजगावच्या जयवंताला हाडं बसवायची विद्या बापाकडून मिळाली होती. उतरलेला खांदा तो बोलता बोलता जागेवर आणी. मोडक्या पायाला झाडपाल्याचा लेप लावून बांबूच्या कामट्या बांधी. अठराशे छप्पनच्या सुमारास बोरघाटात आगगाडीचा रस्ता फोडायला लागले आणि त्याच्या ओसरीवर माणसांची रीघ लागली. कुणावर दगड पडलेला, कुणी कड्यावरून घसरलेला. डोलीतून आणत, पाठीवर घालून आणत. जयवंताचा भात ताटातच गार होई. शेत त्याची बायको ठकी बघे. "कण्हणारा माणूस दारात असला की घास उतरत नाय," असं तो म्हणे, आणि म्हणताना त्याला थोडा अभिमानही वाटे.

भातकापणीच्या दिवसांत त्याची सात वर्षांची भागी गोठ्याच्या माळ्यावरून पडली. नेमकी त्याच दिवशी घाटात दरड कोसळली होती आणि ओसरी माणसांनी भरली होती. त्याने जाता जाता पोरीचं सुजलेलं कोपर चाचपलं. "मुका मार हाय. हळद लाव. उद्या नीट बघतो."

उद्याचा परवा झाला. ठकीने दोनदा आठवण करून दिली, मग तीही कापणीत गुंतली.

महिन्याभराने भागी चौक गावाहून आलेल्या एका माणसाला पाणी द्यायला आली. तांब्या डाव्या हातात होता.

"पावण्याला उजव्या हातानं द्यावं गं," जयवंता म्हणाला.

"उजवा सरळ होत नाय, बा."

त्याने तिचा हात धरला. बोटं कोपरावर फिरली आणि तिथेच थांबली. हाड मोडलं होतं, आणि वाकडं जुळूनही गेलं होतं.

"मला सांगितलं का नायस?"

"तू लोकांचं बघत होतास ना," पोर म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते त्याला जास्त लागलं.

हाड पुन्हा मोडून बसवता आलं असतं. दुसऱ्यांच्या पोरांचं त्याने तसं केलंही होतं. पण स्वतःच्या पोरीचं हाड मोडायला त्याचं मन धजेना. शेवटी त्याने ठरवलं, रोज रात्री जेवण झालं की तेल लावून कोपर हळूहळू सैल करायचं. त्या वेळात ओसरी बंद.

चार दिवसांतच घाटातला मुकादम वाल्मिक पाय मुरगळलेल्या गड्याला घेऊन आला. ओसरी बंद बघून तो भडकला.

"तुझ्या बाच्या येळी असं नव्हतं रं! रातीबेराती उठायचा तो."

"माझ्या बानं मला कधी मांडीवर घेतल्याचं आठवत नाय मला," जयवंता म्हणाला. "रक्त असलं, हाड मोडलं असलं, तर आत्ता उठतो. मुरगळा सकाळपर्यंत थांबतो."

गडी लंगडत परत गेला. सकाळी त्याचा पाय टम्म फुगलेला होता. तो बरा व्हायला महिना लागला, आणि तितके दिवस जयवंताला चैन नव्हतं. लोक म्हणाले, हाडवैद्याला माज आला. ठकी एवढंच म्हणाली, "एकट्याच्या हातानं किती जणांचं होणार?"

ते त्याच्या मनात राहिलं. विद्या घराबाहेर द्यायची नाही, अशी बापाची शपथ होती. ती मोडून त्याने गावातल्या सदूला आणि धाकलूला कामट्या बांधायला, मुरगळा उतरवायला शिकवलं. पहिल्यांदा लोक त्यांच्याकडे जाईनात, मग जाऊ लागले. जयवंता कापणीला ठकीच्या बरोबरीने शेतात दिसू लागला. जेवायला तिघं एकत्र बसत.

भागीचं कोपर पुरतं सरळ कधीच झालं नाही. दोन वर्षं तेल चोळून हात डोक्यामागे जाण्याइतका मोकळा झाला. ज्या दिवशी तिने स्वतःची वेणी स्वतः घातली, त्या दिवशी जयवंता बराच वेळ तिच्या मागे उभा होता. पेड सैल पडले होते. त्याने ते आवळले नाहीत.