वजा, पातळी, गळती

कंसमामा हे नाव मीच ठेवलं. माझं तोंड पहिल्यापासून फटकळ, आणि या माणसाच्या कोडमध्ये अक्षरांपेक्षा कंस जास्त. दोन आकड्यांची बेरीज करायची तर कोणीही शहाणा माणूस मध्ये अधिकचं चिन्ह टाकतो. मामा 'मिळव' नावाचं फंक्शन बोलावणार आणि कंसात दोन्ही आकडे देणार. वजाबाकीला 'वजा', तुलनेला 'मोठा_का'. भाषेने चिन्हं आयती दिलेली असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला, असं मी एकदा विचारलंही होतं.

"नाव घेतलं की कळतं, बाईसाहेब," ते म्हणाले. "खुणा केल्या तर बघतंय कोण?"

शहराच्या पाण्याच्या टाक्यांचं सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं. कुठल्या टाकीत किती पाणी उरलंय आणि पंप कधी सुरू करायचा, हे आमचा कोड ठरवायचा. मामा तिथे बावीस वर्षं होते, मी सहा, आणि तरी प्रमुख मी. त्यांचं टेबल खिडकीपासून लांब, कानात कायम हेडफोन, स्क्रीन इतका मंद की जवळ गेल्याशिवाय काही दिसू नये. जिन्यात समोरून गेलं तरी ओळख द्यायचे नाहीत. बोलताना माझ्या तोंडाकडे न बघता कानाकडे बघायचे. शिष्ट माणूस, असं माझं मत झालं होतं, आणि माझं मत एकदा झालं की सहसा बदलत नाही.

खरी गोष्ट अशी होती की त्यांच्या नजरेचा मधला भाग चार वर्षांपासून विझत चालला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. चालता यायचं, जिना उतरता यायचा, पण अक्षर आणि चेहरा दोन्ही गेले होते. हेडफोनमध्ये गाणी नव्हती. एक यांत्रिक आवाज त्यांना कोड वाचून दाखवायचा. तो शब्द वाचायचा आणि चिन्हं गाळायचा. सगळी चिन्हं वाच म्हटलं, तर एकेक कंस आणि स्वल्पविराम म्हणत डोकं उठवायचा. म्हणून मामांनी चिन्हांच्या जागी नावं आणली होती. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. तेवढं कोणाला न कळता निभावून न्यायचं, एवढंच त्यांना हवं होतं. घरात बायकोला माहीत होतं, बाहेर कोणाला नाही. मला कळलं ते कळून उपयोग नव्हता तेव्हा.

एकदा ते आठवडाभर रजेवर गेले. घरचं काम आहे म्हणाले. गेले होते डोळ्यांच्या डॉक्टरकडे. त्या आठवड्यात मला साफसफाईचा झटका आला. सातशेच्या वर ठिकाणी मी फंक्शन काढून चिन्ह घातलं, आणि 'मिळव', 'वजा' वगैरे मंडळी पुसूनच टाकली. सगळ्या चाचण्या पास झाल्या. होणारच, कॉम्प्युटरला दोन्ही सारखंच.

"मामा, तुमचं घर झाडून ठेवलंय," ते आल्यावर मी मोठ्या कौतुकाने सांगितलं.

"सगळंच?"

"सगळं."

ते खुर्चीत बसले. मग "बरं" म्हणाले आणि हेडफोन लावले. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

गुरुवारी त्यांनी नव्या टाकीसाठी एक ओळ लिहिली. पातळीतून गळती वजा करायची, इतकी साधी. कीबोर्डवर उणे आणि अधिक ही बटणं शेजारी शेजारी, आणि बोट चुकलं. आधीही चुकत असेल कधी, पण तेव्हा चूक ऐकू यायची. त्या दिवशीही त्यांनी ओळ पुन्हा ऐकली आणि ती त्यांना बरोबर वाटली. तपासायचं काम माझं होतं. पण मामांचं काम मी न बघताच पुढे पाठवायची, इतकी त्यांची ख्याती होती.

टाकी रिकामी होत होती आणि कॉम्प्युटर ती भरलेली समजत होता. पंप सुरूच झाला नाही. एक अख्खी वस्ती दुपारपर्यंत कोरडी राहिली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी ती ओळ बैठकीच्या खोलीतल्या भिंतीवर मोठी करून दाखवली. "वाचा जरा मोठ्याने," ते मामांना म्हणाले.

मामा उठले. भिंतीच्या कडेकडे बघत, कानात बसलेले शब्द म्हणाले, "पातळी, गळती."

"मध्ये काय आहे?"

वीतभर मोठं अधिकचं चिन्ह होतं. टेबलाभोवतीच्या आम्हा नऊ जणांना ते दिसत होतं. मामांनी मान थोडी इकडे केली, थोडी तिकडे केली.

"मला दिसत नाही," ते म्हणाले.

कोड मी बदलला होता, तपासला मी नव्हता, हे सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत बसले. अशी मी फटकळ.

राजीनामा त्यांनी स्वतःच दिला. खणात त्यांचे हेडफोन राहिले होते. एका दुपारी त्यांच्याच कॉम्प्युटरसमोर बसून मी ते कानाला लावले, स्क्रीन बंद केला आणि माझा झाडलेला कोड ऐकला. पातळी आवक. पातळी गळती. पाणी आलं की गेलं, काही कळेना. मग जुना कोड काढून ऐकला. मिळव, पातळी, आवक. वजा, पातळी, गळती. मला तिथेच रडू फुटलं.

सगळी नावं जागच्या जागी परत घालायला मला अकरा दिवस लागले. मग त्यांना फोन केला.

"त्या बैठकीत मी बोलायला हवं होतं, मामा."

"हं. ग्लासशी चाळा करत होतात. ऐकू येत होतं."

"सगळी नावं परत घातली मी. एकूण एक."

पलीकडून त्यांच्या बायकोने कोण आहे म्हणून विचारलं, तेवढं ऐकू आलं.

"आता तिथे ऐकतंय कोण, बाईसाहेब?" ते म्हणाले. ते रागाने म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.