फळ्यावरचं एनिस

तो नकाशा मी काढलेला नव्हता. सहा वर्षं सोलापुरात त्याचं कौतुक माझ्या नावावर चाललंय, म्हणून आधी हेच कबूल करतो. असल्या गूढ गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. भूगोलाच्या मास्तराचा असूही नये... पण घडलं ते असं.

शाळेची तपासणी होती. येणारे गोरे इन्स्पेक्टरसाहेब आयर्लंडमधल्या एनिस गावचे. त्यांना खूष करायला मी त्यांचंच गाव शिकवायचं ठरवलं. एनिस म्हणजे क्लेअर काउंटीचं मुख्य ठाणं, जसं आपलं सोलापूर जिल्ह्याचं. नावाचा अर्थ बेट, काठी फर्गस नदी, सहा-सातशे वर्षांपूर्वीचा ख्रिस्ती साधूंचा मठ — एवढं पुस्तकात होतं. नकाशा नव्हता. आदल्या संध्याकाळी मी फळ्यावर अंदाजानं एक सरळ नदी ओढून दिली.

सकाळी पाहतो तर नदी मठाला वळसा घालून गेलेली! पूल, अरुंद बोळ, एका घरामागे झाडसुद्धा. शिपाई मल्लप्पाची बोटं खडूनं माखलेली.

"हे तू केलंस?"

"व्हय मास्तर. तुमची नदी चुकली हुती की. पाण्यानं येढल्यालं गाव हाय ते."

"तू विलायतेला जाऊन आलास वाटतं!"

"न्हाय वो. अक्कलकोटास्नं हितं आलो, तेवढंच. फळ्याम्होरं हुबा ऱ्हायलो अन् दिसलं..."

मी तडक हेडमास्तरांकडे गेलो. तपासणीच्या दिवशी फळ्याला हात लावला म्हणून त्यांनी मल्लप्पाला तिथल्या तिथे कामावरून काढलं. परत येऊन मी फळा पुसणार, तोच साहेब वर्गात!

ते नकाशासमोर खिळले. त्यांनी झाडावर बोट टेकवलं.

"हे आमचं सफरचंदाचं झाड. मी पाच वर्षांचा असताना ते तोडलं गेलं. कुठल्याच नकाशात ते नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?"

दारात मल्लप्पा बोचकं घेऊन उभा होता. माझ्या एका शब्दानं त्याची नोकरी वाचली असती.

"पुस्तकात वाचलं, साहेब," मी म्हणालो.

पुढे मी खूप चौकशी केली. मल्लप्पा कधी पलटणीत नव्हता, कुठल्या गोऱ्याच्या घरी नव्हता, त्याला अक्षरओळखही नव्हती. मग ते झाड...? मला आजही उलगडा नाही.

गेल्या महिन्यात अक्कलकोटच्या बाजारात तो नारळ विकताना दिसला. मला पाहून हसला.

"काय मास्तर, नदी आता बराबर काढता न्हवं?"

भर बाजारात मी हात जोडले. "मल्लप्पा, नकाशा तुझा होता. मी खोटं बोललो, तुझी भाकरी घालवली. मला माफ कर."