कपाटातला कॉम्प्युटर

लोणावळ्यात राहणाऱ्याने रविवारी घराबाहेर पडायचं नसतं. त्या दिवशी गाव पाहुण्यांचं असतं. भुशी डॅमच्या रस्त्याला गाड्या खोळंबतात, रोजचा भाजीवाला ओळख दाखवत नाही, आणि दूध आणायला गेलेला माणूस दूध नासायच्या आत परतला तर नशीब. आई होती तेव्हा रविवार कसे जायचे ते आठवत नाही, म्हणजे बरे जात असावेत. ती गेल्यावर रविवार अंगावर यायला लागला. इतर दिवशी मी तळेगावजवळ आंबीच्या एका कारखान्यात क्वालिटी बघते. तिथे सकाळपासून माणसांशी हुज्जत घालावी लागते, त्यामुळे एकटं वाटायला सवडच मिळत नाही.

धाकटा भाऊ आयर्लंडमध्ये असतो. तोही एकटाच. आईचं सगळं उरकून तो परत गेला आणि त्यानंतर आमचे फोन तीन वाक्यांवर आले. जेवलीस का, पाऊस आहे का, काळजी घे. मीही उलटून तेच विचारायचे. पूर्वी फोनवर आईच बोलायची, आम्ही दोघं दोन्ही टोकांना नुसते हुंकार भरायचो. आपल्याला एकमेकांशी बोलताच येत नाही, हे आम्हाला ती गेल्यावर कळलं. फोन ठेवला की घर उगाच मोठं वाटायचं. मला वाईट वाटायचं आणि रागही यायचा. माझं म्हणावं असं जगात एकच माणूस उरलेलं, आणि त्याच्याशी बोलायला विषय नाही. हे असंच चाललं तर एक दिवस फोनही थांबेल आणि आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षातही येणार नाही, अशी भीती वाटायची.

मग एका रविवारी त्यानेच विचारलं, ताई, टेनिस आठवतं का?

आठवत होतं. कॉलेजात असताना त्याने मित्राकडून टीव्हीला जोडायचा गेमचा डबा आणला होता, जुनाच. पावसाळ्यात आमच्याकडे चार-चार दिवस दार उघडायची सोय नसते. आम्ही दोघं दोन कंट्रोलर घेऊन टेनिस खेळायचो आणि आई मागे खुर्चीत बसून पॉइंट कुणाचा याचा निकाल द्यायची. तिचे सगळे निकाल चुकीचे असायचे. तो डबा कधीच मेला. पण आता कॉम्प्युटरवर एम्युलेटर नावाचा प्रोग्रॅम मिळतो, असं भाऊ म्हणाला. कॉम्प्युटर त्या जुन्या डब्याचं सोंग घेतो आणि गेमला वाटतं आपण आपल्याच घरी आहोत. शिवाय तो तिकडून आणि मी इकडून, इंटरनेटवर समोरासमोर खेळता येतं, आणि खेळताखेळता एकमेकांचा आवाजही ऐकू येतो. आमच्या दुपारच्या चारला त्याची सकाळ असते. दर रविवारी चार वाजता खेळू, असं ठरलं. त्या आठवड्यात मी कंपनीत कुणावरही ओरडले नाही.

माझ्याकडचा कॉम्प्युटर आईची विजेची बिलं भरण्यापुरता घेतलेला होता. त्यावर टेनिसचा चेंडू चिक्कीच्या पाकात पडल्यासारखा यायचा. इंटरनेटवर खेळताना दोन्हीकडची मशीन हात धरून चालतात, एकाचं मंदावलं की दुसऱ्यालाही थांबावं लागतं. म्हणजे माझ्यामुळे तिकडे त्याचाही चेंडू अडकायचा. हे दोन-तीन रविवार चाललं आणि मग त्या कॉम्प्युटरनेच मान टाकली. तळेगावच्या दुकानदाराने तो उघडून आतल्या बोर्डावर आलेली हिरवट बुरशी दाखवली आणि म्हणाला, लोणावळ्याच्या ना, मग बरोबर. जणू लोणावळ्यात राहणं हा आजार आहे.

नवा घ्यायचा ठरवला तेव्हा मात्र मी कुणाचं ऐकायचं नाही असं ठरवलं. दुकानदार मला बारा कोअरचा प्रोसेसर विकायला बघत होता. कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आत काम करणारे हात, बारा असले की वेग बारापट असा त्याचा हिशेब. मी जेवणाच्या सुट्टीत डबा खाताखाता आठवडाभर वाचून आले होते. एम्युलेटरला गर्दी लागत नाही. जुन्या डब्याची नक्कल एकामागून एक अशाच क्रमाने करावी लागते, त्यामुळे त्याचं बहुतेक काम एक-दोन हातांवरच पडतं. पोळ्या लाटायला बारा जणी बसवल्या तरी तव्यावर एका वेळी एकच पोळी पडणार. तव्यापाशी बसलेली बाई चपळ हवी, बस्स. म्हणून मी कमी कोअरचा पण एकेका कोअरचा वेग जास्त असलेला प्रोसेसर मागितला. महागडं ग्राफिक्स कार्ड नको म्हटलं, मला मैदानातलं गवत मोजायचं नव्हतं. मेमरी मात्र एका मोठ्या पट्टीऐवजी दोन लहान पट्ट्यांची घेतली, कारण वेगळं कार्ड नसलं की चित्रं काढण्याचा भार मेमरीवर येतो आणि दोन पट्ट्या तो वाटून घेतात. दुकानदाराने शेवटी विचारलं की मॅडम, मुलासाठी घेताय का? मी म्हटलं, माझ्यासाठी.

आता हा कॉम्प्युटर बुरशीपासून वाचवायचा होता. त्याची आमच्या घरात एक रीत आहे. आईचं एक लाकडी कपाट आहे, त्याच्या खालच्या खणात साठ वॅटचा पिवळा बल्ब बसवलेला आहे. पावसाळा लागला की तो बल्ब लावायचा आणि दार घट्ट ओढून घ्यायचं. बल्बच्या उबेने आत दमट हवा टिकत नाही. रेशमी साड्या, फोटोंचे अल्बम, चामड्याच्या चपला, भावाची सर्टिफिकिटं, जे जे जपायचं ते सगळं त्या कपाटात जायचं. आमच्या ओळखीत पुष्कळ घरांत असं एखादं कपाट आहे. हल्ली तसले बल्ब मिळत नाहीत, दुकानात गेलं की एलईडी पुढे करतात. त्याला उजेड आहे, ऊब नाही. आईने मरायच्या आदल्या वर्षी कुठूनतरी पिवळ्या बल्बचा अख्खा खोका आणून ठेवला होता. ती गेल्यावरही मी बल्ब लावत राहिले, कपाटात जपण्यासारखं फारसं उरलं नव्हतं तरी.

नवा कॉम्प्युटर मी त्याच कपाटात ठेवला. पाठीमागच्या फळीला जुनं भोक होतं, त्यातून वायरी बाहेर काढल्या, स्क्रीन बाहेर टेबलावर मांडला, बल्ब लावला आणि दार ओढून घेतलं. मनात म्हटलं, आता बघते बुरशी कुठून येते.

पहिल्या रविवारी खेळ सुरू झाला आणि चेंडू असा सुटला की माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तिकडे भाऊ ओरडला. मी त्याचे दोन पॉइंट घेतले. आणि मग, सेट अर्ध्यावर आला असेल नसेल, चेंडू पुन्हा पाकात पडला.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. सुरुवातीला छान आणि मग रडतखडत. मी हट्टाला पेटले. वायफाय सोडून केबल टाकली. प्रोग्रॅमच्या सेटिंगमधलं जे जे बदलता येईल ते बदललं, वीज वाचवायची सोय बंद केली, मेमरीच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या. खेळ अडकला की भाऊ वाट बघत बसायचा आणि मी खटपट करत असताना काहीबाही सांगत राहायचा. त्याचा ऑफिसातला एकुलता एक मित्र देश सोडून गेला होता, आता तो जेवायला एकटाच बसतो. आईसारखी चिंचगुळाची आमटी करायला घेतली तर ती दरवेळी कडू होते. मी म्हणायचे, फोडणीत मेथी जळत असेल, आणि लगेच म्हणायचे, थांब, आता बघ, आता चालतंय का. मीही मधेच काही सांगायचे. आईच्या खुर्चीवर मी अजून बसत नाही, हेसुद्धा एकदा असंच बोलून गेले. पण माझं सगळं लक्ष त्या मेल्या चेंडूकडे होतं.

भांडी घासायला वाकसईहून मावशी येतात. एकदा त्या स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या आणि दारात उभ्या राहून म्हणाल्या, "ताई, एकल्याच बसून कुणावर वराडताय? हितं तर कुनीच न्हाई."

मी म्हटलं, मशीनवर. त्या मान हलवून परत भांड्यांकडे गेल्या. ते वाक्य मला पुढे बरेच दिवस टोचत राहिलं.

मग एका रविवारी भाऊ फार समजुतीच्या सुरात म्हणाला की ताई, राहू दे. तुला त्रास होतोय. आपण फोनवर बोलू ना. फोनवर बोलू म्हणजे पुन्हा ती तीन वाक्यं. मी चिडून म्हटलं, सगळी सोंगं आणता येतात, वेगाचं सोंग आणता येत नाही, आणि माझ्या मशीनला वेग आहे, मी निवडून घेतलाय. त्याने शांतपणे व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. मशीन दाखव म्हणाला.

मी फोन घेऊन कपाटापाशी गेले आणि दार उघडलं. आतून भट्टीसारखी झळ आली. पिवळ्या उजेडात कॉम्प्युटरचा पंखा जीव खाऊन घुमत होता.

भाऊ पडद्याजवळ सरकला. मग म्हणाला, "ताई, आईच्या कपाटात? आणि बल्बसुद्धा लावलायस?"

तो हसायला लागला. आई गेल्यापासून मी त्याला असं हसताना ऐकलं नव्हतं. हसता हसता तो मधेच थांबला, म्हणाला, तिथे डाव्या बाजूला माझा पट्टा टांगलेला असायचा. मी फोन डाव्या बाजूला वळवला. खिळा अजून होता.

मग त्याने समजावलं, पण तोवर मला सगळं कळून चुकलं होतं. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला आपला वेग आपणच उतरवतो. थंड असताना चेंडू सुसाट सुटायचा आणि कपाट तापलं की मंदावायचा. कंपनीत आम्ही विजेच्या पॅनलला पंखे बसवतो, जाळ्या साफ करतो, आणि घरी मी नवंकोरं मशीन उबवायला ठेवलं होतं. दमटपणाला इतकी घाबरले होते की उष्णतेचं भानच राहिलं नाही. कॉम्प्युटर बाहेर टेबलावर आणला, बल्ब बंद केला.

त्यानंतरच्या रविवारी खेळ एकदाही अडकला नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत चेंडू लोण्यासारखा फिरला. आम्ही तीन सेट खेळलो, दोन त्याने जिंकले. शेवटी तो म्हणाला, मस्त झालं, चल, आता मला निघायला हवं, काळजी घे. मीही काळजी घे म्हटलं. स्क्रीन काळा झाला.

मी तशीच बसून राहिले. आपण तासभर त्याच्याबरोबर होतो आणि आज त्याने काय खाल्लं ते मला माहीत नाही. आमटी जमली की नाही, जेवायला कुणी सोबत मिळालं की नाही, काही माहीत नाही. तासात आम्ही जे बोललो ते सगळं टेनिसचं. इतक्या रविवारी मी ज्याला अडथळा समजून शिव्या घालत होते, आमचं सगळं बोलणं त्याच्यातच झालं होतं. बाहेर गाड्यांचे हॉर्न चालले होते. मला इतकं एकटं आई गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं, तेव्हा निदान घरात माणसं होती.

पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर मी कॉम्प्युटर उचलून परत कपाटात ठेवला. वायरी भोकातून ओढल्या, बल्ब लावला, दार घट्ट ओढून घेतलं. मशीनला काही होत नाही हे आता मला माहीत होतं, ते स्वतःला सांभाळून घेतं. माणसाला तेवढी अक्कल यायला वेळ लागतो.

चारला खेळ सुरू झाला. पहिला सेट मी जिंकला. दुसऱ्यात चेंडू जाळीवरून येता येता हळू झाला आणि हवेतच रेंगाळला. त्याला काय सांगायचं याची मी जुळवाजुळव करत होते. केबल सैल झाली म्हणावं, की लाइट कमीजास्त होतेय म्हणावं.

"ताई," तो म्हणाला, "दार लावलंस?"

खोटं बोलायचं होतं, पण जीभ वळली नाही. "लावलं."

"बल्ब?"

"तोही लावलाय."

त्याच्या खोलीत कुठेतरी किटली उकळत होती, ती बंद केल्याचा आवाज आला. मग खुर्ची ओढल्याचा.

"बरं केलंस," तो म्हणाला. "आता सांग, आज जेवायला काय केलं होतंस?"

मी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि सांगायला लागले.