मंगोल राजा आणि माझा महाप्रसाद

आमच्या बालाघाटकडे मैत्री पक्की करायची तर देवासमोर 'महाप्रसाद' बदतात. नववीत असताना रामपायलीच्या राममंदिरात मी आणि माझ्या वर्गातल्या एका मित्रानं एकमेकांच्या तोंडात प्रसाद घातला. तेव्हापासून हाक एकच, महाप्रसाद. त्याचे आईबाप ते माझे आईबाप.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी दुपारी मी त्याच्या घरी बसलो होतो. टीव्हीवर मंगोल जगज्जेत्याची मालिका लागली होती. अर्धं नाटक, अर्धा इतिहास; मध्येच एखादा गोरा प्राध्यापक येऊन डब केलेल्या हिंदीत समजावून जायचा. घोड्यांची धूळ उडाली तसा माझा महाप्रसाद मला म्हणाला, "महाप्रसाद, असा एक घोडा आपल्या हापिसात असता तं डाक येळेवर पोचली असती."

मग त्या राजाचा शपथेचा भाऊ आला. लहानपणी दोघं एका पांघरुणात झोपलेले. पुढं कुणीतरी राजाच्या कानात घातलं की हा तुझ्या मुळावर उठलाय. राजानं भावाला काही न सांगता तळ हलवला.

"अबे, पण एकदा इचारलं काहून नाही त्यानं?" महाप्रसाद टीव्हीलाच म्हणाला.

वहिनी भेंडी चिरत होत्या. "इचारलं असतं तं सीरियल कशी लांबली असती?" म्हणत त्या चहा ठेवायला आत गेल्या.

मला हसू आलं नाही. आणि मी बोलून गेलो.

सोळा वर्षांपूर्वी आम्ही एकाच सरकारी कार्यालयात बाबू होतो. फाइल घरी न्यायची मनाई. काम उरकायला मी मोजणीच्या नकाशांची एक फाइल मोटरसायकलच्या कॅरियरला बांधून नेली, ती वाटेत कुठंतरी पडली. चौकशी लागली. साहेबांनी मला एकट्याला बोलावून सांगितलं, "तुम्हारे दोस्त ने तो तुम्हारा नाम लिखकर दे दिया है. अब तुम अपना देखो." मला ते इतकं लागलं, की दाराबाहेर उभ्या असलेल्या त्याला मी विचारलंही नाही. फाइल त्याच्याच ताब्यात होती, असं लिहून सही केली. तो निलंबित झाला, मग बदली होऊन जिल्ह्याच्या टोकाला, बिरसाच्या जंगलात गेला. त्यानं दगा दिला म्हणून मी दिला, हेच मी मनाशी घोकत राहिलो. काही वर्षांनी जुने कागद लावताना त्याचा जबाब माझ्या हाती आला. एकच ओळ: फाइल कोणी नेली ते मला माहीत नाही. त्याला माहीत होतं. कॅरियरची दोरी त्यानंच आवळून दिली होती. हे वाचूनही मी गप्पच राहिलो.

सगळं मी टीव्हीकडे बघत सांगितलं. पडद्यावर राजाचं सैन्य कुठलंसं शहर जाळत होतं.

"मले माहीत आहे," तो म्हणाला. "तुह्या सहीचा कागद साहेबानं मले तवाच दाखवला होता."

"मंग बोलला काहून नाही?"

"तू सांगशील म्हणून. बाबा गेले तवा तू माह्यासंगं मुंडन केलं. घाटावर वाटलं, आज सांगन. नाही सांगतलं. सहीचं काही नाही गा, भेवानं माणूस करते. पण माह्या बाबाच्या नावानं डोकं भादरून घेतलं, अन् तोंड बंद ठेवलं."

वहिनी चहा घेऊन आल्या. त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला. मी निघालो तेव्हा तो फाटकापर्यंत आला नाही.

दिवाळीनंतर त्याच्या मुलीचं लग्न निघालं. पत्रिका पोस्टानं आली. खरं तर महाप्रसादाच्या घरचं लग्न म्हणजे आठ दिवस आधी जाऊन मांडवाचे बांबू रोवायचे असतात. मी लग्नाच्याच दिवशी गेलो. वाढायला भाताची बादली उचलली, तर त्यानं ती हातातून काढून घेतली आणि खांद्यावर हात ठेवून मला पंगतीत बसवलं. "पाहुण्यांनी बसावं," म्हणाला. बोलला तोही पुस्तकी मराठीत.

मी बसलो. भात त्यानंच वाढला. मी दोनदा घेतला.