वाचनालयाचा गिलावा

शेजारच्या बांधकामावरून ओल्या सिमेंटचा वास आला आणि मला वरवट बकालमधलं आमच्या वस्तीचं अर्धवट वाचनालय आठवलं. सेंट्रिंगच्या फळ्या नुकत्याच निघाल्या होत्या, काँक्रीटवर लाकडाच्या रेषा उमटल्या होत्या. गिलावा करायचा का, यावर बैठक होती. मी नव्या वास्तुकलेवरची पत्रकं वाचून तापलेला. म्हणालो, "या शैलीला ब्रुटॅलिझम म्हणतात. त्यात क्रूर काही नाही. फ्रेंचमध्ये 'बेतों ब्रुत' म्हणजे कच्चं काँक्रीट, त्यावरून हे नाव पडलं. जे आहे ते झाकायचं नाही!"

वस्तीतल्या शांताकाकू हसल्या. "आमचा जन्म मातीच्या कच्च्या भिंतीत गेला बे. तुह्या फ्रान्सवाल्यायले कच्च्याचं कौतुक, आमाले चिकनी भिंत पाहिजे."

गिलावा झाला.

आता शहरातल्या महागड्या हॉटेलांत तशाच उघड्या भिंती दिसतात. ते तत्त्व मला अजूनही पटतं, पण त्यासाठी भांडायचं त्राण उरलेलं नाही. आठवतं ते एवढंच, की उद्घाटनाच्या दिवशी काकू नव्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. उठताना त्यांनी सवयीने पाठीवरचा पदर झटकला. झटकायला काहीच नव्हतं.